धुरीतला खोकला

चांगुणाआत्या बाळाला पायांवर घेण्याआधी दोन्ही तळवे शेगडीवर धरायची आणि मग ते स्वतःच्या गालांना लावून बघायची. गाल पोळला तर थांबायची, गार लागला तर पुन्हा शेकायची. मनासारखं झालं की म्हणायची, "आण गं." बाळंतीण नवखी असली, बाळ द्यायला कचरली, तर आत्या रागवायची नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पाय लांब करून बसून राहायची. "तुजा जीव धजंल तवा दे. मी कुटं पळून चाललेय?"

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, शेतीचं. आत्या गावची लेक. खालापूरकडे दिलेली होती. नवरा वीटभट्टीवर कामाला होता, तो तरणाच खोकून खोकून गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि बापाच्या जागेवर एक खोली-पडवी करून राहिली. गावची लेक म्हणून ती सगळ्यांची आत्या. लग्न होऊन आलेल्या आम्ही सुनाही तिला आत्याच म्हणायचो. माझं घर तिच्या शेजारी, मधे फक्त मेंदीचं कुंपण. गावात आज जे बाप झालेत त्यांनाही तिने पायांवर घेतलेलं आहे. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण बाई घरी आली की पुढचं सगळं आत्याचंच होतं. बाळाचं तेल, बाळंतिणीचं अंग रगडणं, शेक आणि धुरी.

ती म्हणायची, "लेकरू बोलत नाय, पर त्याची पाठ बोलते. हात फिरवला की मला कळतं, रातीला झोपलं का नाय."

हे खरं होतं. माझ्या लेकीचं पोट दुखतंय हे मला कळलं नव्हतं, तिला कळलं होतं.

बाळंतिणीची खोली कशी असते ते इथल्या बायकांना सांगायला नको. वारा लागू नये म्हणून खिडकी लावायची, तिच्या फटीत फडकं कोंबायचं, दाराला गोधडी लावायची. पावसाळ्यात पडवीलाही मेणकापड बांधलेलं असतं, त्यामुळे उरलासुरला वाराही बाहेरच राहतो. बाजेखाली निखारे ठेवायचे आणि त्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं टाकायची. तो धूर अंगाला लागला पाहिजे, तो बाहेर गेला तर धुरी कसली. त्या धुरात बाळंतीण खोकते, आजी खोकते, बाळ शिंकतं. सगळेच खोकतात. म्हणून आत्याचा खोकला कुणाला वेगळा ऐकू आला नाही.

त्या पावसाळ्यात गावात तीन-चार बाळंतपणं होती. त्यांतलं एक माझ्या घरी होतं. माझी सुजाता पहिलटकरीण, शेलूहून माहेरी आलेली. तिला मुलगी झाली होती. दुसरं पार्वतीच्या घरी होतं. पार्वती आमच्या भावकीतली, माझी जाऊ लागते. तिची सून वंदना. वंदनाला आई-बाप नव्हते, मामाने लग्न करून दिलं होतं, म्हणून तिचं पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगा झाला.

आत्या सकाळी पार्वतीकडे जायची, मग माझ्याकडे, मग खालच्या आळीला. श्रावणापासून ती वाळत चालली होती. चोळी खांद्यावरून सुटत होती. संध्याकाळी अंग कणकण करतं म्हणायची आणि पांघरूण घेऊन बसायची. मी म्हटलं, "आत्या, दवाखान्यात जाऊ या."

"धुराचा खोकला हाय, सुमे. इतकी वर्सं धूर खाल्ला, तो आता निघतोय."

सुजाता म्हणाली, "आत्या, जेवत नाही तुम्ही."

"माज्या जेवनाचं तू नको बघू. तुला दूद येतंय ना, त्ये बग."

गणपती झाले, घट बसले. एका सकाळी ती माझ्या नातीला पायांवर पालथी घेऊन पाठ चोळत होती. तिला उबळ आली. नेहमीसारखी तिने मान वळवून खांद्यावरच्या पंचात तोंड घातलं. खोकला थांबला तेव्हा तिने पंचाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पांढऱ्या पंचावर लाल होतं, खूप नाही, चिंचोक्याएवढं.

आत्याने कधी कुठलं लेकरू अर्ध्यावर सोडलं नव्हतं. एका अंगाला तेल लागलं आणि दुसऱ्याला नाही, असं तिने कधी केलं नसतं. त्या दिवशी ती म्हणाली, "घे गं हिला." सुजाताने बाळ उचललं. आत्या भिंतीला धरून उठली, गोधडी बाजूला करून बाहेर गेली आणि अंगणात भर उन्हात जाऊन उभी राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "जवळ येऊ नको. माज्या मालकाचं असंच झालं व्हतं. पयलं असंच."

मी तिला कर्जतला सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. तिथल्या सिस्टरने आम्हाला व्हरांड्यात बाकावर बसवून सगळं सांगितलं. आत्या खाली बघत ऐकत होती. हा रोग भांड्याने होत नाही, कपड्याने नाही, हात लावल्याने नाही. रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा त्याचे जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. तीच हवा दुसरा घेतो. उघड्या हवेत, उन्हात तो टिकत नाही. शरीरात शिरला तरी लगेच दिसेलच असं नाही, वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि अंग थकलं की उठतो.

"तुमच्या नवऱ्याकडूनच आला असेल," सिस्टर म्हणाली. "गोळ्या सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"कोन नाय."

"एकट्याच? मग बरं आहे."

आत्याने वर पाहिलं. "बाई, लेकरं?"

"कुणाची लेकरं?"

"गावाची."

सिस्टरला कळेना, म्हणून मी सांगितलं. मला परक्या माणसासमोर बोलायला जमत नाही, पण तेव्हा सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात लिहायचा थांबला. ती म्हणाली, जन्मल्यावर टोचलेली लस मुलांना थोडीफार राखते, पण पूर्ण नाही. इतक्या लहान मुलांना हा रोग फार लवकर धरतो आणि कधी कधी डोक्यात जातो. त्यांना तपासलं, वेळेत औषध सुरू केलं, तर रोग होण्याआधीच अडवता येतो. "घरांची नावं सांगा. उद्याच आमची ताई जाईल."

"उद्या जाऊ दे," आत्या म्हणाली. "आज मी जाते. माज्या हातात दिली व्हती त्यांनी. त्यांना मीच सांगाय पायजे. नावं सकाळच्याला हिच्या हाती धाडते."

ती त्याच दुपारी निघाली. तोंडाला दवाखान्यात दिलेला मास्क, वरून पदर. मी बरोबर होते. ती कुणाच्या पायरीवर चढली नाही. अंगणात उभी राहायची, हाक मारायची, घरातलं माणूस बाहेर आलं की लांबूनच सांगायची, "मला टीबी हाय. आज कळलं. तुमचं लेकरू माज्याजवळ व्हतं. त्याला दवाखान्यात दाखवा, औषद देतील." दुसरं काही नाही. माफी मागत बसली नाही की रडली नाही.

खालच्या आळीतल्या बाईने पाळण्यातलं लेकरू झटकन उचललं आणि आत नेलं, जणू आत्या तेव्हाच त्याला काही करणार होती. तिच्या सासऱ्याने मोठमोठ्याने शिव्या घातल्या. "म्हातारी झालीस तरी घरं फिरायची हौस गेली नाय तुजी." आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचं संपल्यावर म्हणाली, "शिव्या नंतर दे, दादा. उद्याची पयली गाडी धर." त्याने धरली. त्यांच्या मुलाला औषध सुरू झालं, माझ्या नातीलाही. सुजाताच्या सासरच्यांनी मला बोल लावला, पण औषध कोणी चुकवलं नाही. दोन्ही मुलं आज अंगणात खेळतात.

पार्वतीकडे आम्ही शेवटी गेलो. ती अंगणात भात वाळत घालत होती. वंदना मागच्या मोरीत होती, पाण्याचा आवाज येत होता. बाळ ओटीवर झोळीत निजलं होतं. आत्याने सांगायला सुरुवात केली आणि पार्वती हातातला भात टाकून धावत आली.

"हळू बोल, आत्या. तुज्या पाया पडते, हळू बोल."

"हळूच बोलतेय. लेकराला..."

"परवा लोधिवलीची मानसं येनारेत. माज्या संगीला बघून गेलेत, आता सुपारी फोडायला येनारेत. टीबीचं नाव या अंगनात निघालं तर ती मानसं रस्त्यातून मागं फिरतील. मागल्या साली एक सोयरीक मोडली तिची. आता परत मोडली तर पोर घरात ऱ्हाईल."

"सोयरीक दुसरी येती, पारू."

"मला कळत नाय का? माजा नातू हाय तो. मी नेते त्याला. नेरळला डॉक्टर हाय, त्याला गुपचूप दाखवते. पर तुमच्या सरकारी मानसांना माजं घर सांगू नको. ती ताई दारात येऊन उभी ऱ्हाते, सगळ्या गावाला कळतं. आनी वंदीला पन सांगू नको. ती पोरगी रडून रडून गाव गोळा करंल." मग तिने झोळीत हात घातला आणि नातवाच्या टाळूवर ठेवला. "याच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. चार दिवसांत दाखवते."

आत्याने त्या हाताकडे पाहिलं. आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. आत्याने तर जन्मभर अशाच शपथांवर घरं चालताना पाहिली होती. ती म्हणाली, "चार दिवस. पाचवा नाय." आणि दुसऱ्या सकाळी तिने माझ्या हाती दवाखान्यात सगळ्या घरांची नावं धाडली, ते एक सोडून.

पार्वती शपथेला खोटी पडली असं मी म्हणणार नाही. तिने नातवाला नेरळला नेलं. डॉक्टरला सांगितलं, थोडा खोकला आहे. तिने टीबीचं नाव काढलं नाही. मी पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, नाव काढलं तर कागदावर येईल, कागद कुणाच्या हाती लागेल, असं तिला वाटलं. डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं. वंदनाला तिने बाळ लहान म्हणून घराबाहेर पडू दिलं नाही, आत्याला धुराचा खोकला आहे म्हणून ती येत नाही, एवढंच सांगितलं. नळावर भेटली तेव्हा तिने आत्याला लांबूनच हाताने खूण केली, दाखवलं म्हणून. त्या दिवशी आत्या किती दिवसांनी पोटभर जेवली.

सुपारी फुटली. दिवाळीच्या आधी संगीचं लग्न ठरलं.

दिवाळीनंतर वंदनाचं बाळ तापलं. दूध घेईना. पार्वतीने दृष्ट काढली, मग पुन्हा नेरळला नेलं, ताप उतरला, पुन्हा चढला. टाळू वर आली होती, मान ताठ होत होती, डोळे एका बाजूला ओढत होते. आत्याने हे कुंपणापलीकडून बायकांच्या बोलण्यात ऐकलं आणि ती तशीच अनवाणी सुटली. पार्वतीच्या अंगणात जाऊन ओरडली, "मोठ्या दवाखान्यात न्या. टीबीचं सांगा त्यांना. आत्ता न्या." गाडी आली, नेलं. पण बाळ राहिलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, टीबी डोक्यात गेला होता, उशीर झाला.

वंदना मामाकडे जाऊन आली ती सरळ आत्याच्या दारात. मी तिथेच आत्याच्या गोळ्या बघत होते. वंदनाचे डोळे कोरडे होते.

"आत्या, तुला टीबी हाय हे कळल्यावर तू सगळ्या घरी सांगून आलीस."

"व्हय."

"आमच्या घरी का नाय आलीस?"

आत्याने पदर तोंडावर ओढून घेतला.

"आई म्हनतात, तू आलीच नाय. म्हनतात, त्यांच्या तोंडाला घाबरलीस. खरं का?"

मी तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट धरलं. तेलाने मऊ झालेला तिचा हात, पण त्या वेळी इतका घट्ट होता की मला हलता येईना.

"चुकलं माजं, पोरी," ती म्हणाली.

"चुकलं?" वंदना म्हणाली. "भाजीत मीठ जास्ती पडलं तर चुकलं म्हनतात." आणि ती गेली.

मी आत्यावर रागावले. तेवढं एकदाच मी तिच्यावर रागावले असेन. ती म्हणाली, "चुकलंच ना माजं. पाचव्या दिवशी जाऊन बघितलं का मी, काय दाखवलं नि काय नाय? हातानं खूण केली नि मी जेवाय बसले." मग म्हणाली, "तिला आई नाय, बाप नाय. मामाच्या घरात मामी हाय. ती सासूच्या हाताखाली ऱ्हाते, तिच्याच चुलीवर जेवते. सासूनं काय केलं हे कळलं तर ती कुटं जाईल? माजं काय, माज्यावर सगळा गाव थुंकतोय, त्यात एक तिचं. तू बोलायचं नाय. ही माजी गोष्ट हाय, तुजी नाय."

तसंच होतं. गोष्ट तिची होती.

गावाने तिला वाळीत टाकलं असं नाही, पण तिचा हंडा नळावर वेगळा राहायला लागला. ती आली की बायका आपली भांडी मागे ओढायच्या. तिचा चहाचा कप दुकानदाराने फेकून दिला. घराघरात खिडक्या मात्र तशाच बंद, पडव्यांना मेणकापड तसंच. ती म्हणायची, "माजं भांडं खुशाल लांब ठेवा गं. पर त्या खिडकीतलं फडकं काडा. मी भांड्यात नव्हते, त्या खोलीत व्हते."

काही जणी ऐकायच्या, काही तोंड वाकडं करायच्या.

गोळ्या तिने एकही दिवस चुकवल्या नाहीत. उलट्या व्हायच्या, लघवी लाल व्हायची, तरी घेतल्या. महिने संपले, थुंकी तपासली, काही निघालं नाही. सिस्टर म्हणाली, आता तुमच्यापासून कुणाला भीती नाही. मी वाटेत म्हटलं, "आत्या, आता पुन्हा जायला हरकत नाही."

तिने पुन्हा कुठल्याही लेकराला हात लावला नाही. पण खालच्या आळीची एक पोर बाळ घेऊन तिच्या अंगणात आली, तेव्हा तिने तिला समोर उन्हात पाट टाकून बसवलं आणि स्वतः मेंदीच्या कडेला लांब बसली. तिथून सांगायला लागली, "पाय सोड. ताठ नको करू, त्याला टोचतं. आता पालथं घे. घाबरू नको, मान हातात ठेव. पाठ खालून वर. नाय, खालून वर." असं करता करता दोघी-तिघी यायला लागल्या. सकाळच्या उन्हात, उघड्या अंगणात, आया आपापल्या लेकरांना चोळायच्या आणि ही लांबून बोलायची. तिचे हात मांडीवर पडलेले असायचे, पण सांगताना बोटं हलायची. मी कुंपणाच्या अलीकडून बघायची.

रोग गेला, पण छाती खाऊन गेला. चार पावलं चालली की दम लागायचा. पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि श्वास पुरेना. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर ती गेली होती. खिडकी उघडी होती आणि उशाशी पावसाचं पाणी आलं होतं.

पावसाची झड येऊ नये म्हणून मी पडवीला मेणकापड बांधलं आणि पाट ठेवला. गावची लेक म्हणून तिला आंघोळ घालायला गावच्या बायका यायला हव्या होत्या. आल्याही, पण पडवीच्या बाहेर पावसात उभ्या राहिल्या. कोणी म्हणालं, "मेल्यावर तो रोग बाहेर पडतो म्हनतात." मी म्हटलं, बरी झाली होती ती, दवाखान्याने सांगितलंय. पण माझा आवाज मोठा नाही, आणि पाऊस होता. मी एकटीनेच पाणी तापवलं आणि तिचे केस सोडले.

तेव्हा पार्वती आत आली. तिने पदर खोचला, तांब्या घेतला आणि माझ्या समोर बसली. बायका कुजबुजायला लागल्या. मागून वंदना आली. ती पुन्हा पोटुशी होती, सहावा-सातवा असेल.

"आई, तुमी कशाला हात लावता तिला?" ती म्हणाली. "तिनं काय केलं आपलं, विसरलात का?"

पार्वतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती कुणाकडे बघत नव्हती, आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ती आली व्हती," ती म्हणाली.

"कोन?"

"ही. आपल्या अंगनात. ज्या दिवशी सगळीकडं गेली त्याच दिवशी. तू मोरीत व्हतीस. मीच तिला गप केलं. तुला सांगू नको म्हनले. दवाखान्यात आपलं घर सांगू नको म्हनले. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हनले."

मेणकापडावर पाऊस वाजत होता. वंदना तिथेच उभी राहिली, एक हात पोटावर. मला वाटलं ती खाली बसेल, किंवा सासूच्या अंगावर जाईल, किंवा तशीच पावसात निघून जाईल, कारण तिच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं.

मग तिने पडवीच्या खांबाला बांधलेलं मेणकापड सोडलं. वारा आणि पाऊस दोन्ही आत आले. ती पुढे आली आणि पार्वतीच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"सरका," ती म्हणाली.

पार्वती सरकली. वंदना जड पोटाने पाटाशी बसली आणि आत्याच्या अंगावर पाणी घालायला लागली.